पुन्हा सिद्ध करा : केंटकीच्या फ्लॉइड काउंटीतलं अपंगत्व-लाभाचं प्रकरण

२०१५ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या पूर्व टोकाला, ॲपलाचियन डोंगरांतल्या फ्लॉइड काउंटीत आणि आसपास घरोघर सोशल सिक्युरिटी प्रशासनाची, म्हणजे निवृत्तीवेतन आणि अपंगत्व-लाभ देणाऱ्या केंद्र सरकारी खात्याची, पत्रं येऊन पडली. मजकुराचा अर्थ असा : काही वर्षांपूर्वी तुम्हाला मंजूर झालेला अपंगत्व-लाभ ज्या वैद्यकीय पुराव्यावर उभा होता, त्यात लबाडी झाल्याचं मानायला आम्हाला कारण आहे. तो पुरावा आम्ही विचारात घेणार नाही. तुमच्या प्रकरणाचा निर्णय नव्याने होईल. आणखी कागद असतील तर दहा दिवसांत पाठवा. सुमारे ९०० जणांसाठी त्यात आणखीही एक गोष्ट होती. त्यांचा दरमहाचा चेक लगेच थांबवला होता.

त्या वर्षी अपंगत्व-विम्याचा देशातला सरासरी चेक महिन्याला साधारण १,१६५ डॉलरचा होता. अमेरिकेच्या मानाने ही रक्कम मोठी नाही. पण खाणीतून पाठ मोडून बाहेर पडलेल्या माणसाच्या घरात घरभाडं, वीज, औषधं आणि किराणा सगळं त्यातच भागायचं. पत्रं पोचल्यावर पुढच्या काही दिवसांत या भागात आत्महत्याही झाल्या. मी हे प्रकरण वाचायला घेतलं ते लोकांना हे लाभ मिळवून देण्यासाठी लाच देणाऱ्या एका वकिलाची गोष्ट म्हणून. वाचत गेलो तसं लक्षात आलं की वकील हा यातला सोपा भाग आहे. लाभ मंजूर करताना आणि तो काढून घेताना, दोन्ही वेळा, समोरच्या माणसाला खरंच काय झालंय हे कुणी नीट पाहिलंच नाही, हा अवघड भाग.

अपंगत्वाचा दर इतका जास्त का?

२०१० च्या जनगणनेत फ्लॉइड काउंटीची लोकसंख्या ३९,४५१ होती, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान तालुक्याएवढीही नाही. मुख्य गाव प्रेस्टन्सबर्ग. काउंटीच्या अपंगत्वाच्या दराबद्दल बोलताना दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते, ती आधी सोडवायला हवी. जनगणना खातं दरवर्षी एका पाहणीत लोकांना विचारतं : ऐकायला, दिसायला, लक्षात ठेवायला, चालायला, स्वतःचं स्वतः आवरायला, एकट्याने बाहेरची कामं करायला गंभीर अडचण येते का? त्यातून निघतो तो अपंगत्वाचा दर, लोकांनी स्वतः सांगितलेला. सोशल सिक्युरिटी प्रशासन काउंटीनिहाय आकडे प्रसिद्ध करतं ते लाभ मिळणाऱ्यांचे. पहिल्या आकड्यातली असंख्य माणसं दुसऱ्यात कधीच येत नाहीत. ‘तिकडे सगळे चेकवर बसलेत’ असं म्हणणारे दुसरा आकडा दाखवतात आणि पहिल्याबद्दल गप्प राहतात.

देशभरात त्या काळी १८ ते ६४ वयाच्या शंभर माणसांतले पाचेक जण अपंगत्व-विम्यावर होते. केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया, आर्कान्सा, अलाबामा, मिसिसिपी या राज्यांत हेच प्रमाण आठच्या आसपास. केंटकीच्या पूर्व भागातल्या कोळशाच्या काउंट्या त्याच्याही वर.

याची कारणं डोंगरातच आहेत. इथली कमाई पिढ्यानपिढ्या कोळशाची. खाणीत वाकून, गुडघ्यांवर, कमी उंचीच्या बोगद्यात वीस वर्षं काढली की मणका आणि गुडघे पन्नाशीच्या आतच जातात. फुफ्फुसात धूळ साचून होणारा ‘ब्लॅक लंग’ मागे पडला असं वाटत असतानाच, २०१५ च्या जानेवारीपासून २०१६ च्या ऑगस्टपर्यंत पूर्व केंटकीतल्या एकाच क्ष-किरण तज्ज्ञाकडे त्याच्या सर्वांत जीवघेण्या प्रकाराचे ६० रुग्ण सापडले. दुसरीकडे काम आटत गेलं. २०११ मध्ये पूर्व केंटकीत कोळशावर १३,००० हून जास्त माणसं होती, २०१६ पर्यंत ती ४,००० च्या आसपास आली. पाठ दुखत असूनही माणूस ओळखीच्या मुकादमाच्या हाताखाली हलकं काम करत तगून राहतो. खाण बंद झाली की ते हलकं कामही जातं, आणि मग तीच पाठ ‘अपंगत्व’ होते.

याला काही जण लबाडी म्हणतात. मला ते पटत नाही, कारण कायद्यानेच ही सांगड घातली आहे. आपल्याकडे अपंगत्व टक्क्यांत मोजतात. सिव्हिल सर्जनच्या मंडळाने ४० टक्के किंवा त्याहून जास्त लिहून दिलं की बहुतेक योजनांचं दार उघडतं. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीत टक्के नाहीत. तिथे प्रश्न एकच : किमान बारा महिने टिकेल किंवा मृत्यूला कारण ठरेल अशा आजारामुळे हा माणूस देशात उपलब्ध असलेलं कोणतंही नियमित, पोटापुरतं काम करू शकतो का? उत्तर हो किंवा नाही. आणि ते देताना वय, शिक्षण आणि आधी केलेलं काम हे तिन्ही बघितलं जातं. १९७० च्या दशकाच्या शेवटी त्यासाठी नियमांचे तक्तेच बनवले गेले. पन्नाशी ओलांडलेला, शाळा अर्धवट सोडलेला, आयुष्यभर अंगमेहनत केलेला माणूस फक्त बसून करायचं काम करू शकत असेल, तर तक्ता बहुतेकदा त्याला अपंग ठरवतो. तोच मणका असलेला पस्तिशीतला पदवीधर अपंग ठरत नाही. म्हणजे कमी शिक्षणाच्या, म्हाताऱ्या होत चाललेल्या, एकाच धंद्यावर उभ्या असलेल्या काउंटीत दर जास्त येणं हे या व्याख्येचंच गणित आहे.

अर्जाची वाट

अर्ज करणं सोपं आहे : स्थानिक कार्यालयात, फोनवर किंवा ऑनलाइन. योजना दोन. एक, १९५६ मध्ये आयझेनहॉवर यांच्या सहीने आलेला अपंगत्व-विमा. पगारातून कर भरलेल्यांसाठी तो आहे आणि त्यात सहसा मागच्या दहा वर्षांतली पाच वर्षं काम झालेलं असावं लागतं. दुसरी, १९७४ पासून चालू असलेली गरजूंसाठीची पूरक योजना, जिच्यात कामाची अट नाही पण उत्पन्न आणि मालमत्तेची मर्यादा कडक आहे. (अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी वाचकांसाठी : एच-वन व्हिसावरच्या पगारातूनही हा कर कापला जातो, आणि भारत-अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नसल्याने भारतातल्या नोकरीची वर्षं तिकडच्या पात्रतेत धरली जात नाहीत. घरात कुणी आजारी पडल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.)

अर्ज गेला की तो राज्याच्या एका संस्थेकडे जातो. तिथले कर्मचारी आणि डॉक्टर कागदांवरून निर्णय देतात. अर्जदाराला ते सहसा बघत नाहीत. कागद अपुरे वाटले तर सरकारी खर्चाने एकदा तपासणी करून घेतात, अनेकदा काही मिनिटांची. सोबत एक लांबलचक फॉर्म असतो : दिवस कसा जातो, स्वयंपाक करता का, किती वेळ उभं राहता येतं, कुत्र्याला कोण खाऊ घालतं. अभिमानी माणूस इथे ‘सगळं करतो’ असं लिहितो आणि तिथेच हरतो. पहिल्या पायरीवर साधारण तिघांतला एकच मंजूर होतो. नकार आला की ६० दिवसांत फेरविचाराचा अर्ज, त्याचाही नकार आला की आणखी ६० दिवसांत सुनावणीची मागणी. मग प्रशासकीय न्यायाधीशापुढे (हा न्यायालयाचा नव्हे, सोशल सिक्युरिटी प्रशासनाचाच माणूस) तारीख मिळते, आणि तिची वाट बघण्यात वर्ष किंवा जास्त जातं. अर्जदार माणूस म्हणून पहिल्यांदा दिसतो तो इथे. या मधल्या काळात कमाई नाही, कारण ठरावीक रकमेपेक्षा जास्त कमावलं तर अर्जच बाद. अपंगत्व सुरू झाल्यापासूनचे पहिले पाच महिने विम्यातून काही मिळत नाही, आणि मेडिकेअर हा सरकारी आरोग्य-विमा तर हक्क सुरू झाल्यावर चोवीस महिन्यांनी.

एवढ्या वाटेवर सोबत लागते. फ्लॉइड काउंटीत ती देणारी एक बाई होती, आणि तिच्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण तिला वगळून या काउंटीचं चित्र खोटं होतं. यूला हॉल. आठवीपर्यंत शिकलेली. १९७३ मध्ये तिने मड क्रीकच्या दरीत दवाखाना सुरू केला, ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाही दारातून परत पाठवायचं नाही या हट्टाने. १९८२ मध्ये कुणीतरी तो जाळला. दुसऱ्या दिवशी तिने झाडाखाली बाकावर रुग्ण बघायला डॉक्टर बसवले आणि टेलिफोन कंपनीला सांगून झाडालाच फोन लावून घेतला. नव्या इमारतीसाठी आपला वाटा म्हणून ८०,००० डॉलर उभे करायचे होते. त्या गरीब दरीतल्या लोकांनी त्याहून जास्त जमवले. या बाईचं दुसरं काम फारसं सांगितलं जात नाही : ती आपल्या रुग्णांबरोबर अपंगत्वाच्या आणि ब्लॅक लंगच्या सुनावण्यांना जायची आणि त्यांची बाजू मांडायची. सोशल सिक्युरिटीत प्रतिनिधी वकीलच असावा लागत नाही. तिच्याजवळ असायचे दवाखान्याचे कागद, कित्येक वर्षांचे, त्याच माणसाला पुन्हा पुन्हा तपासलेल्या डॉक्टरांच्या हातचे. २०२१ मध्ये वयाच्या ९३ व्या वर्षी ती गेली. तिकडच्या एका रस्त्याला तिचं नाव आहे.

हायवेवरचं ऑफिस

त्याच काउंटीत, स्टॅनव्हिल इथे, हायवे क्रमांक २३ च्या कडेला एरिक कॉन नावाच्या वकिलाचं ऑफिस होतं. ओळीने जोडलेले ट्रेलर आणि समोर लिंकनचा बसलेला १९ फुटी पुतळा. जाहिरातींत तो स्वतःला ‘मिस्टर सोशल सिक्युरिटी’ म्हणवून घ्यायचा. फी कायद्याने बांधलेली होती : केस जिंकली तर अर्जदाराला मिळणाऱ्या लाभाच्या थकबाकीतले २५ टक्के, आणि तीही तेव्हाच्या मर्यादेनुसार जास्तीत जास्त ५,३०० डॉलर, २००९ पासून ६,०००. हरली तर काही नाही. म्हणून गरीब माणसाला वकील परवडतो, ही या पद्धतीची चांगली बाजू. वाईट बाजू अशी की कमाई संख्येवर चालते, आणि संख्या वाढवायची तर केस झटपट आणि खात्रीने जिंकावी लागते.

कॉनने खात्री विकत घेतली. वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टनच्या सुनावणी कार्यालयात डेव्हिड डॉहर्टी हे प्रशासकीय न्यायाधीश होते. ते दर महिन्याला कॉनच्या ऑफिसला नावांची यादी कळवायचे, आणि प्रत्येक नावापुढे ‘शारीरिक’ की ‘मानसिक’, म्हणजे कोणत्या आजाराचा अहवाल हवा, तेही. कॉन आपल्या ठरलेल्या डॉक्टरांकडे माणसं पाठवायचा. माणूस किती वेळ उभा राहू शकतो, किती उचलू शकतो हे सांगणारा तक्ता आधीच भरलेला असायचा, आणि थोडेफार फरक केलेल्या त्याच त्याच नमुन्यांतला एखादा त्या नावाला जोडला जायचा. न्यायाधीश सुनावणी न घेता कागदांवरून मंजुरी द्यायचे. एका प्रकरणामागे साधारण ४०० डॉलर, रोख. काही वर्षांत डॉहर्टींना ६,०९,००० डॉलरहून जास्त मिळाले. २०१० च्या सरकारी आर्थिक वर्षात त्यांनी १,२८४ प्रकरणं निकाली काढली आणि त्यांतली चार सोडून सगळी मंजूर केली.

या चार नकारांकडे बघून कुणाला शंका आली नव्हती, असं नाही. त्याच कार्यालयात काम करणाऱ्या सेरा कार्व्हर आणि जेनिफर ग्रिफिथ यांनी कितीतरी आधीपासून वरिष्ठांकडे तक्रारी केल्या होत्या : दुसऱ्या न्यायाधीशांकडची कॉनची प्रकरणं डॉहर्टी स्वतःकडे ओढून घेतात, आणि सुनावणी न घेताच ती मंजूर होतात. कार्यालयाला मात्र महिन्याला ठरावीक संख्या गाठायची होती, आणि डॉहर्टी ती गाठून देत होते. तक्रार करणाऱ्यांनाच त्रास झाला. ग्रिफिथ नोकरी सोडून गेल्या. कार्व्हर यांना अडकवण्याच्या कटाबद्दल पुढे मुख्य न्यायाधीश चार्ली अँड्रस यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. मे २०११ मध्ये एका मोठ्या वृत्तपत्राने आकडे छापले, जुलैत डॉहर्टी निवृत्त झाले, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये सिनेटच्या समितीने जाडजूड अहवाल काढून या दोघींची साक्ष जाहीर घेतली. मधल्या काळात कॉनच्या ऑफिसने ढिगाने कागद नष्ट केले होते.

शिक्षा झाल्या, उशिराने. कॉनवर आरोपपत्र आलं एप्रिल २०१६ मध्ये. मार्च २०१७ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, जूनमध्ये पायातलं माग काढणारं उपकरण काढून तो पळाला आणि डिसेंबरमध्ये होंडुरासमध्ये सापडला. १२ आणि नंतर १५, मिळून २७ वर्षांची कैद. डॉहर्टींना चार वर्षं, कॉनच्या ठरलेल्या डॉक्टरांपैकी ॲडकिन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाला २५. त्या अहवालांवर सरकारने देऊ केलेल्या लाभांची एकूण रक्कम ५५ कोटी डॉलरहून जास्त, असं सरकारी वकिलांनी मांडलं.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. लोकांचे चेक थांबले मे २०१५ मध्ये. वकिलावर आरोप ठेवला गेला त्यानंतर अकरा महिन्यांनी.

लबाडी कुणाची, पुरावा कुणाचा

ज्यांना पत्रं आली त्यांच्यापैकी कुणावरही गुन्ह्याचा आरोप नव्हता. वकिलाने सांगितलं त्या डॉक्टरकडे ते गेले होते, एवढंच. स्थानिक खासदार हॅल रॉजर्स यांनी मध्ये पडल्यावर जूनमध्ये थांबवलेले चेक फेरतपासणी होईपर्यंत पुन्हा सुरू झाले. पण फेरतपासणी टळली नाही. ती एकूण १,७८७ जणांची ठरली.

१९९४ च्या एका तरतुदीनुसार, लबाडी झाली असं मानायला कारण असेल तर प्रशासनाने प्रकरण नव्याने तपासावं आणि त्या पुराव्याकडे दुर्लक्ष करावं. प्रशासनाने याचा अर्थ असा लावला की कॉनने पाठवलेल्या चार डॉक्टरांचे सगळेच अहवाल, प्रत्येक प्रकरणातले, एका फटक्यात बाद. माणसाने म्हणायचं की ‘मला त्या डॉक्टरने खरंच तपासलं, पाठीचा फोटो काढला, माझ्या अहवालात खोटं नाही’, तर ते ऐकून घ्यायची सोयच नव्हती. अहवाल खोटा का, हे सांगणारा पुरावाही अर्जदाराला दाखवला जात नव्हता. आणि सिद्ध करायचं होतं ते आज अपंग असल्याचं नाही, तर मूळ मंजुरीच्या वेळी, म्हणजे कित्येक वर्षांपूर्वी, अपंग असल्याचं.

थोडा विचार करून बघा. २००८ मध्ये तुमचा गुडघा कसा होता याचा पुरावा २०१५ मध्ये आणा. तेव्हाचा डॉक्टर वारला असेल, दवाखान्याने जुन्या फाइली ठेवल्या नसतील, ज्या वकिलाकडे प्रती होत्या त्याने त्या नष्ट केल्या असतील. विमा नव्हता म्हणून तुम्ही त्या काळात डॉक्टरकडे फारसे गेलाच नसाल. आज छातीला नळ्या लावून बसला असलात तरी तो आजार मोजायचा नाही, कारण तो नंतरचा. प्रेस्टन्सबर्गचे वकील नेड पिलर्सडॉर्फ आणि तिथल्या विधी-साहाय्य संस्थेने हाक दिली, आणि राज्याबाहेरूनही वकील फुकट काम करायला आले. तरीही सुमारे ८०० जणांचे लाभ गेले. मिळालेले पैसे परत मागण्याची टांगती तलवार वेगळीच.

लोक न्यायालयात गेले. केंटकीतल्याच वेगवेगळ्या संघीय न्यायाधीशांनी उलटसुलट निकाल दिले. अखेर २१ नोव्हेंबर २०१८ रोजी सहाव्या सर्किटच्या (केंटकी ज्याच्या कक्षेत येतं त्या) संघीय अपील न्यायालयाने ‘हिक्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात, एकत्र जोडलेल्या अकरा जणांच्या अपिलांवर, प्रशासनाच्या विरुद्ध बहुमताने निकाल दिला. चालू असलेला लाभ ही माणसाच्या हक्काची गोष्ट आहे. तो काढून घेताना ज्या आरोपावर सगळं उभं आहे तो आरोप खोडून काढायची संधीच न देणं हे पाचव्या घटनादुरुस्तीतल्या न्याय्य प्रक्रियेच्या हक्काविरुद्ध आहे. प्रशासनाचं म्हणणं होतं, एवढ्या सुनावण्या घेत बसायचं तर भार वाढेल. पण सुनावणी तर तसंही घेतली जातच होती. तिच्यात अर्जदाराला एक प्रश्न जास्त बोलू द्यायचा होता.

मला या निकालातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. न्यायालयाने कुणालाही अपंग ठरवलं नाही, कुणाचा चेक आयुष्यभरासाठी पक्का केला नाही. पुरावा खोटा म्हणत असाल तर का ते दाखवा आणि समोरच्याचं ऐका, इतकंच सांगितलं. डॉहर्टींनी न ऐकता हो म्हटलं होतं, प्रशासनाने न ऐकता नाही म्हटलं.

ज्यांची अपिलं जिवंत होती त्यांची प्रकरणं नव्या सुनावणीसाठी परत गेली. पण ६० दिवसांच्या मुदतीत ज्यांनी न्यायालयात दाद मागितली नव्हती, त्यांचा प्रश्न मागेच राहिला. वकील नाही, फॉर्म कळत नाही, पत्र उघडायचीच भीती वाटते अशी ती माणसं होती, म्हणजे या योजनेतली सगळ्यात अशक्त. आणि परत गेलेल्यांनाही सुनावणीच्या टेबलावर पुन्हा तेच जुने कागद लागणार होते : २००७ मधली एखादी एक्स-रेची फिल्म, औषधाच्या दुकानाची पावती, खाणीतल्या अपघाताची नोंद.